बटण चौकात, नाव माजघरात

नारायण पेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावर, पावसाळ्यातल्या शनिवारी दुपारी, एक बटण पुन्हा पुन्हा दाबलं जात होतं आणि काहीच होत नव्हतं. दाबणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, आता घरबसल्या मुद्रितं तपासतात. निम्मी मुद्रितं कागदावर येतात, निम्मी प्रकाशकाच्या वेबपानावर. कागदासाठी लाल पेन आणि पडद्यासाठी भाच्यानं लिहून दिलेली साठेक ओळींची यूजरस्क्रिप्ट, म्हणजे दुसऱ्याच्या वेबपानावर आपल्या ब्राउझरमध्ये चालणारी छोटी आज्ञावली. तिचं काम एवढंच, की पानाच्या कोपऱ्यात ‘अंक बदला’ असं बटण लावायचं आणि ते दाबलं की पानभर विखुरलेले इंग्रजी अंक देवनागरी करून दाखवायचे. दोन वर्षं ते बिनतक्रार चाललं. मग बाईंनी साधी मागणी केली, की दर नव्या पानावर बटण दाबावं लागतं, तर एकदा दाबलेलं त्याच्या लक्षात राहील असं कर. भाच्यानं सकाळी येऊन तसं केलं, चहा घेतला आणि दुपारी हे. बटण जागेवर होतं, त्याचा रंगही बदलत होता, बोटाखाली दबल्यासारखं दिसत होतं. अंक मात्र इंग्रजीच.

“मी खाली हातसुद्धा लावला नाही गं मावशी. लक्षात ठेवायचं तेवढं घातलं, आणि वर दोन ओळी बदलल्या.”

“अरे, मग वरच्या ओळींनी खालचं बटण कसं मोडलं?”

मावशींचा हा प्रश्न मनातून जात नाही. मुद्रिताच्या पहिल्या पानावर दुरुस्ती केली म्हणून चाळीसाव्या पानावरचा शब्द पुसला जात नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. स्क्रिप्टच्या माथ्यावरच्या ओळी तर टिपणासारख्याच दिसतात, प्रत्येकीच्या आधी दोन तिरप्या रेघा. नाव, आवृत्ती, कोणत्या पत्त्यावर चालायचं, वगैरे. त्यातली एक ओळ ‘ॲट ग्रँट नन’ अशी होती. ती काढून तिच्या जागी ‘ॲट ग्रँट जीएम सेटव्हॅल्यू’ आणि ‘ॲट ग्रँट जीएम गेटव्हॅल्यू’ अशा दोन ओळी आल्या. यूजरस्क्रिप्ट चालवणाऱ्या, ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनकडे मागितलेली ही परवानगी, एक गोष्ट जपून ठेवायची आणि एक परत वाचायची. पण ‘नन’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘परवानगी नको’ एवढाच नाही. ‘मला पानाच्याच घरात राहू द्या’ असाही त्याचा अर्थ आहे. परवानगी मागितली त्या क्षणी स्क्रिप्टचं बिऱ्हाड हललं. आणि हे हलणं कुठल्याही ओळीत लिहिलेलं नसतं, म्हणून ते दिसत नाही.

मावशींची इमारत ज्या जागेवर आहे तिथे पूर्वी वाडा होता. त्यांचं बालपण त्या वाड्यातलं, त्यामुळे वाड्याच्या भाषेत सांगितलं की त्यांना पटकन समजतं, आणि खरं सांगायचं तर ब्राउझरची ही रचना समजावायला वाड्याइतकं चपखल दुसरं काही सापडत नाही. चौक सगळ्यांचा. वाळत घातलेले कपडे, तुळस, नळ, सगळं साऱ्या बिऱ्हाडांना सारखंच दिसतं. कुणी तुळशीची कुंडी हलवली तर ती सगळ्यांसाठीच हलते. पण प्रत्येकाचं माजघर वेगळं. आपल्या माजघरात आपण कुणाला काय नावानं हाक मारतो ते शेजारच्या बिऱ्हाडाला माहीत असण्याचं कारण नाही. पानाचा डॉम, म्हणजे ते परिच्छेद, चित्रं, बटणं यांचं झाड, हा चौक. पानाची स्वतःची जावास्क्रिप्ट एका माजघरात. परवानगी घेतलेली यूजरस्क्रिप्ट दुसऱ्या माजघरात, ज्याला सँडबॉक्स म्हणतात. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्यात भिंतीची जाडी आणि बांधणी वेगळी आहे, टॅम्परमंकी, व्हायोलंटमंकी आणि ग्रीसमंकी या यूजरस्क्रिप्ट चालवणाऱ्या एक्स्टेन्शनांच्या किल्ल्याही वेगवेगळ्या आहेत. पण चौक एक आणि माजघरं वेगळी, हे सगळीकडे सारखं.

ही भिंत कुणी हौसेनं घातलेली नाही. ॲरन बूडमनची ग्रीसमंकी आली तेव्हा स्क्रिप्ट आणि पान एकाच खोलीत राहत. जुलै २००५ मध्ये लक्षात आलं, की स्क्रिप्टला दिलेली खास फंक्शनं पानालाही पकडता येतात. त्यातलं जीएम (म्हणजे ग्रीसमंकी) एक्सएमएलएचटीटीपी रिक्वेस्ट हे फंक्शन कुठल्याही साइटवरची माहिती आणू शकत असे, इतकंच काय, संगणकावरच्या फायलीही वाचू शकत असे. म्हणजे आपण स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली किल्ली ज्याच्या घरी पाहुणे गेलो त्याच्याच हाती. लगोलग ०.३.५ ही आवृत्ती निघाली, तिच्यात ती सगळी खास फंक्शनं काढूनच टाकली होती. नंतर फायरफॉक्स १.५ च्या सुमारास भिंत उभी राहिली आणि फंक्शनं परत आली. तेव्हापासून आजपर्यंत दर काही वर्षांनी ती भिंत थोडी उंच होते, आणि दर वेळी कुणाच्या तरी घरी एखादं बटण मुकं होतं. ग्रीसमंकी १.० नं २०१२ मध्ये ‘ॲट ग्रँट’ आणलं. २०१४ मध्ये फायरफॉक्स ३० नं सँडबॉक्समधून पानाच्या वस्तूंवर थेट लिहिणं बंद केलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ आलं तेव्हा एक्स्टेन्शनांची सगळी रचनाच बदलली. तुटलेल्या स्क्रिप्टवर चिडण्याआधी हा इतिहास आठवावा असं मला मनापासून वाटतं. अंक बदलणारी स्क्रिप्ट ज्या ब्राउझरमध्ये चालते त्याच ब्राउझरमध्ये मावशी बँकेचं पानही उघडतात.

आता बटणाकडे.

दुरुस्तीला बसताना कोड वाचायच्या आधी कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुकांच्या तक्रारी छापतो ती पट्टी, वाचावा. एफ १२ दाबायचं, कन्सोल उघडायचा, जुनं सगळं पुसायचं, पान रिफ्रेश करायचं आणि बटण एकदाच दाबायचं. दहा वेळा दाबलं की लाल ओळींचा ढीग होतो आणि पहिली, कामाची ओळ वर निघून जाते. मावशींच्या पडद्यावर उमटलेली ओळ अशी होती, की ‘अनकॉट रेफरन्स एरर, अंकबदला इज नॉट डिफाइंड’. फंक्शनचं नाव देवनागरीत आहे हे बघून दचकू नये, जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, आणि चुका शोधताना ती गर्दीत पटकन डोळ्यांत भरतात. पण खरी खूण त्या ओळीच्या खाली होती, ‘ॲट एचटीएमएल बटण एलिमेंट डॉट ऑनक्लिक’. याचा अर्थ, नाव शोधणारी स्क्रिप्ट नव्हतीच. नाव शोधत होतं पान. भाच्यानं दोन वर्षांपूर्वी बटण तयार करताना इनरएचटीएमएलमध्ये सरळ एचटीएमएलचा तुकडा ओतला होता आणि त्यातच ऑनक्लिक या गुणधर्मात ‘अंकबदला()’ एवढा मजकूर लिहिला होता. तो मजकूर म्हणजे चौकात टांगलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर फक्त एक नाव आहे. बटण दाबलं की ती चिठ्ठी वाचली जाते आणि त्या नावानं पानाच्या माजघरात हाक मारली जाते. ‘नन’ असताना स्क्रिप्ट त्याच माजघरात होती, विंडोवर, म्हणजे पानाची सगळी नावं जिथे लागतात त्या वस्तूवर, नाव लावलेलं होतं, ओ मिळत होती. बिऱ्हाड हललं, नाव सोबत गेलं, चिठ्ठी मात्र चौकात तशीच राहिली.

खात्री करून घ्यायला कन्सोलमध्येच ‘टाइपऑफ अंकबदला’ लिहून एंटर मारावं. वरच्या छोट्या यादीत ‘टॉप’ निवडलेलं असू द्यावं, म्हणजे आपण पानाच्या माजघरातूनच विचारतोय. उत्तर ‘फंक्शन’ आलं तर नाव तिथे आहे, ‘अनडिफाइंड’ आलं तर नाही. मावशींकडे ‘अनडिफाइंड’ आलं. भाच्यानं लगेच ‘नन’ परत घालून पाहिलं. उत्तर ‘फंक्शन’. निदान पक्कं व्हायला एवढं पुरतं.

दुरुस्ती तीन ओळींची. ऑनक्लिकची चिठ्ठी काढायची. क्रिएट एलिमेंटनं बटण तयार करायचं, टेक्स्ट कंटेंटमध्ये ‘अंक बदला’ हा मजकूर ठेवायचा. आणि ॲड इव्हेंट लिसनरला दोन गोष्टी द्यायच्या, पहिली ‘क्लिक’ हा शब्द आणि दुसरी अंकबदला हे फंक्शन. इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो, फंक्शनच्या नावापुढे कंस देतो. कंस दिला की ते फंक्शन तिथल्या तिथे एकदा चालतं आणि बटणाला त्याचं उत्तर बांधलं जातं, म्हणजे बहुधा काहीच बांधलं जात नाही. कंसाशिवाय दिलं, की नाव नव्हे तर खुद्द फंक्शनच बटणाला जोडलं जातं. हाक मारायचीच गरज उरत नाही. घंटा चौकात असली तरी तिची तार भिंतीतून थेट आपल्या माजघरात आलेली असते.

याहून झटपट एक उपाय सगळीकडे सांगितला जातो आणि तो चालतोही, म्हणून त्याच्याबद्दल थांबून बोलायला हवं. ‘अनसेफ विंडो’ नावाची वस्तू म्हणजे पानाची खरी विंडो. तिच्यावर अंकबदला ठेवून दिलं की चिठ्ठीवरच्या हाकेला ओ मिळते. एका ओळीत काम होतं. भाच्याचं बोट तिकडेच वळलं होतं. पण त्या वस्तूच्या नावात ‘अनसेफ’ हा शब्द उगाच घातलेला नाही. तिथे ठेवलेलं काहीही पानाला दिसतं, वापरता येतं, बदलताही येतं. अंक बदलणारं फंक्शन पानाच्या हाती गेलं तर नुकसान काही नाही. पण हीच सवय पुढे जपून ठेवलेल्या गोष्टी वाचणाऱ्या किंवा दुसऱ्या साइटवरून माहिती आणणाऱ्या फंक्शनांना लागली, तर २००५ सालचं भोक आपणच आपल्या हातानं परत पाडलं म्हणायचं. शिवाय फायरफॉक्सच्या सँडबॉक्समध्ये असं सरळ ठेवणं चालत नाहीच. तिथे फंक्शनसाठी एक्स्पोर्ट फंक्शन आणि वस्तूंसाठी क्लोन इंटू वापरावं लागतं, नाहीतर पानाकडून ‘परमिशन डिनाइड टू ॲक्सेस’ असं उत्तर येतं. तपासायला एकदा ‘अनसेफ विंडो’ लावून बघायला हरकत नाही. तसंच ठेवून उठू नये.

पानाशी खरंच बोलायचं असेल, म्हणजे पानाच्या एखाद्या चलात साठवलेली माहिती हवी असेल, तर दिंडी दरवाजा ठेवावा. मोठा दरवाजा बंद, त्यातली माणूस वाकून जाईल एवढी झडप उघडी. पोस्ट मेसेज हा तसा दरवाजा आहे. निरोप आला की आधी तो याच खिडकीतून आला का आणि पत्ता अपेक्षित तोच आहे का हे बघायचं, म्हणजे इव्हेंटचा सोर्स आणि ओरिजिन तपासायचे, मगच आतला मजकूर घ्यायचा. आणि निरोपात कामाची आज्ञा म्हणून कोड कधीच स्वीकारायचा नाही, फक्त मजकूर किंवा आकडे.

एकदा ही चौक आणि माजघराची गोष्ट डोक्यात बसली, की वेगवेगळ्या वाटणाऱ्या तक्रारी एकाच घरच्या निघतात. सेट टाइमआउटला फंक्शन न देता अवतरणचिन्हांत नाव दिलेलं असतं, ती पुन्हा चिठ्ठीच. एखाद्या लिंकच्या पत्त्यात ‘जावास्क्रिप्ट’ आणि अपूर्णविराम (कोलन) देऊन फंक्शन लिहिलेलं असतं, तीही चिठ्ठीच. कन्सोलमध्ये विंडो डॉट एडिटर लिहिलं की भलीमोठी वस्तू दिसते आणि स्क्रिप्टमधून तेच विचारलं की ‘अनडिफाइंड’ येतं, कारण कन्सोल एका माजघरात उभा असतो आणि स्क्रिप्ट दुसऱ्या. जेक्वेरी ही पानातले घटक हाताळणं सोपं करणारी तयार जावास्क्रिप्ट, तिला डॉलर चिन्हानं हाक मारतात. तिचं दुखणं तर दोन्ही बाजूंनी आहे. माथ्यावरच्या ‘ॲट रिक्वायर’ या ओळीनं स्वतःची जेक्वेरी आणली आणि ग्रँट ‘नन’ ठेवलं, की ती पानाच्या डॉलर चिन्हावर जाऊन बसते. पानाच्या जेक्वेरीला जोडलेले प्लगइन दिसेनासे होतात आणि साइटचा मेन्यूच उघडेनासा होतो. लोक मग साइटला दोष देतात. आपल्या जेक्वेरीला नो कॉन्फ्लिक्ट सांगून, कंसात ट्रू देऊन, ती स्वतःच्या नावात ठेवली की हे मिटतं. आणि उलट, जी स्क्रिप्ट आजवर पानाची जेक्वेरी फुकटात वापरत होती तिला परवानगीची ओळ लावली, की ‘डॉलर इज नॉट डिफाइंड’. तेव्हा स्वतःची जेक्वेरी आणावी, किंवा तिच्याशिवाय लिहावं. चाळीस-पन्नास ओळींच्या कामाला क्वेरी सिलेक्टर पुरतो.

एक दुखणं मात्र बाहेरून अगदी असंच दिसतं आणि आतून वेगळं असतं. तेही मुकं बटणच, पण कन्सोलमध्ये इनलाइन इव्हेंट हँडलरबद्दलची लांबलचक ओळ आणि तिच्यात ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’ हे शब्द. इथे नाव सापडलं नाही असं नाही, चिठ्ठी वाचायलाच साइटनं मनाई केलेली आहे. अशा साइटवर ‘अनसेफ विंडो’वर नाव ठेवूनही उपयोग नाही. लिसनरची तार इथेही चालते, म्हणून ती आधीच लावलेली बरी. याचीच सख्खी बहीण म्हणजे ‘धिस डॉक्युमेंट रिक्वायर्स ट्रस्टेड एचटीएमएल असाइनमेंट’ ही तक्रार. त्या साइटवर इनरएचटीएमएलमध्ये मजकूर ओतणंच बंद आहे. क्रिएट एलिमेंट आणि टेक्स्ट कंटेंट वापरलं असेल तर ही तक्रार वाट्याला येतच नाही. कन्सोलमधल्या ‘डिफाइंड’, ‘पॉलिसी’ आणि ‘ट्रस्टेड’ या तीन शब्दांकडे आधी लक्ष दिलं तर तासभर वाचतो.

लक्षात ठेवण्याबद्दल मावशींच्या मागणीकडे परत यायला हवं, कारण परवानगी खरंच लागत होती का, हा विचार आधी व्हायला हवा होता. ठेवायचं काय, तर ‘अंक बदललेले हवेत’ एवढी एक गोष्ट. त्यात गुपित काही नाही. पानाच्याच लोकल स्टोरेजमध्ये ती ठेवली असती तर ‘नन’ तसंच राहिलं असतं. तिथे सगळं मजकुराच्या रूपात राहतं हे मात्र विसरायचं नाही, ‘फॉल्स’ ठेवलं तर परत येताना ते अक्षरांचं ‘फॉल्स’ येतं आणि रिकामं नसलेलं कुठलंही अक्षर जावास्क्रिप्टला खरंच वाटतं. म्हणून तिथे एक किंवा शून्य ठेवावं आणि परत वाचताना अक्षरांतल्या ‘1’शी नेमकी तुलना करावी. पण लोकल स्टोरेज हे त्या त्या साइटचं कोठार. मावशींची कामं दोन प्रकाशकांकडून येतात, दोन वेगळ्या पत्त्यांवर. एकीकडे ठेवलेलं दुसरीकडे दिसणार नाही. जीएमचं कोठार स्क्रिप्टचं स्वतःचं असतं, साइट कुठलीही असो, आणि खरं-खोटं तिथे जसंच्या तसं राहतं. त्यामुळे भाच्यानं मागितलेली परवानगी बरोबरच होती. चूक परवानगीत नव्हती, जुन्या बटणात होती.

ग्रीसमंकीच्या चौथ्या आवृत्तीपासून तिथे जीएमनंतर अंडरस्कोरऐवजी टिंब लिहावं लागतं, आणि गेटव्हॅल्यू लगेच उत्तर देत नाही, उत्तराचं वचन देतं. ज्यांनी फक्त अंडरस्कोर काढून टिंब घातलं त्यांच्या पानावर ‘ऑब्जेक्ट प्रॉमिस’ असे शब्द उमटतात. त्याहून वाईट म्हणजे ‘हे खरं असेल तर’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘खरं’ येतं, कारण वचन ही वस्तू आहे आणि वस्तू जावास्क्रिप्टला खरीच वाटते. अवेट लावावं, आणि ते ज्या फंक्शनमध्ये आहे त्याला असिंक म्हणावं.

आणि कधी कधी बटण मुकं नसतं, मुळात उगवतच नाही. ते दुखणं निराळं, त्यात माजघराचा विचार करत बसू नये. टॅम्परमंकीच्या चिन्हावर आकडा दिसतोय का ते पहिल्यांदा बघावं. त्या पानावर किती स्क्रिप्ट चालू आहेत ते तो सांगतो. आकडा नसेल तर स्क्रिप्ट घरात शिरलेलीच नाही. मग माथ्यावरच्या ‘ॲट मॅच’च्या, म्हणजे कुठे चालायचं ते सांगणाऱ्या, ओळीतला पत्ता आणि वरच्या पट्टीतला पत्ता अक्षर न अक्षर ताडून बघायचा, मुद्रित ताडतात तसा. पत्ता जुळत असेल आणि ब्राउझर क्रोम असेल, तर आवृत्ती १३८ पासून आलेली खूण बघायची. एक्स्टेन्शनच्या चिन्हावर राइट क्लिक, मॅनेज एक्स्टेन्शन, आणि तिथल्या तपशिलात ‘अलाऊ यूजर स्क्रिप्ट्स’ हे बटण चालू. त्याआधीच्या काही आवृत्त्यांत यासाठी डेव्हलपर मोड चालू करावा लागे. नवा लॅपटॉप घेतला की हे बटण बंदच मिळतं, आणि सगळ्या स्क्रिप्ट एकदम गेल्या असं वाटून लोक हादरतात. काही गेलेलं नसतं. ते चालू करून उघडे टॅब पुन्हा लोड करायचे. तरीही कशालाही हात लावण्याआधी टॅम्परमंकीच्या डॅशबोर्डमधल्या युटिलिटीजमधून सगळ्या स्क्रिप्टची एक प्रत उतरवून ठेवावी. मूळ स्क्रिप्टची नक्कल करून नकलेवर काम करावं, आणि तेवढा वेळ मूळ स्क्रिप्ट बंद ठेवावी. दोन्ही चालू राहिल्या तर कोपऱ्यात दोन बटणं येतात, एक जिवंत आणि एक मुकं, आणि आपण मुक्यालाच दाबत बसतो.

मावशींच्या स्क्रिप्टमध्ये जे खरं काम आहे, अंक बदलायचं, ते या सगळ्या गोंधळात एकदाही मोडलं नाही. इंग्रजी शून्याचा संकेतांक ४८, देवनागरी शून्याचा २४०६. फरक २३५८. प्रत्येक अंकात तेवढे मिळवले की झालं, पुढचे नऊही त्याच क्रमानं येतात. अवघड भाग आहे तो काय बदलायचं नाही हे ठरवण्याचा. लिहायच्या चौकटीतला मजकूर बदलायचा नाही, नाहीतर तो तसाच जतन होतो. वेबचे पत्ते, ईमेल, आयएसबीएन यांना हात लावायचा नाही. मावशींनी हे नियम भाच्याला वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले होते, दोन वर्षांपूर्वी, आणि तो कागद अजून मॉनिटरला चिकटवलेला आहे. स्क्रिप्टच्या साठ ओळींपैकी निम्म्या त्या कागदावरून उतरलेल्या आहेत.

बटण बोलायला लागलं तेव्हा खाली रिक्षांची रांग लागली होती आणि खिडकीतून ओल्या कागदाचा वास येत होता. मावशींनी पान उघडलं. अंक आपोआप देवनागरी झाले. दुसऱ्या प्रकाशकाचं पान उघडलं, तिथेही झाले. त्यांनी लाल पेनाचं टोपण पडद्यावर टेकवलं.

“हा राहिला बघ.”

परिशिष्टातली यादी होती. ओळींमधले अंक बदलले होते, पण ओळींच्या आधीचे एक, दोन, तीन इंग्रजीतच. भाच्यानं स्क्रिप्टमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलं. मग एलिमेंट्सच्या पट्टीत त्या यादीचं झाड उघडलं आणि लक्षात आलं, की ते अंक मजकुरात नाहीतच. ब्राउझर ते रंगवताना स्वतः घालतो, त्यामुळे मजकूर धुंडाळणाऱ्या स्क्रिप्टला ते सापडणं शक्य नाही. त्यासाठी सीएसएसची, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेची, एक ओळ लागते, क्रमांकाच्या यादीला लिस्ट स्टाइल टाइप ‘देवनागरी’. ती पानात घालायला जीएम ॲडस्टाइल, आणि जीएम ॲडस्टाइलसाठी माथ्यावर आणखी एक ग्रँट.

“परत वरची ओळ?” मावशी म्हणाल्या.

त्यानं ती लिहिली, सेव्ह केली, पान रिफ्रेश केलं. यादीच्या डाव्या कडेला १, २, ३ उतरले. मग त्यानं ‘अंक बदला’ एकदा दाबून सगळं इंग्रजी केलं आणि पुन्हा दाबून देवनागरी. मावशींनी चष्मा सारखा केला आणि परिशिष्टाची तिसरी नोंद वाचायला घेतली.